प्रॉपला कोणी उचलत नाही

डेलिथ रोज सकाळी नवऱ्याला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायची, आणि रोज त्याला फसवायची. "एक, दोन, तीन" म्हणून उचलायचं असं दोघांचं ठरलेलं. पण ती दोनवरच उचलायची. तीनपर्यंत थांबलं की गेथिन अंग ताठ करायचा, आणि असा ताठ झालेला उंचापुरा माणूस म्हणजे पावसात भिजलेला ओंडका. झटका येऊन त्याची डावी बाजू लुळी पडली त्याला आता दोन वर्षं होत आली होती. जीभ मात्र शाबूत होती, किंबहुना आधीपेक्षा धारदार झाली होती.

"तुझ्या शाळेत तीन हा आकडा शिकवत नाहीत का गं?" खुर्चीत टेकल्या टेकल्या तो म्हणायचा.

"शिकवत असतील. मी स्वयंपाकघरात असते, वर्गात नाही," असं म्हणत ती त्याच्या पायांत मोजे चढवायची.

डेलिथ वेल्समधल्या कूमहेलिग गावच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायची. त्याआधी, गुडघे धड होते तोवर, ती गावाच्या बायकांच्या रग्बी संघात प्रॉप होती. प्रॉप म्हणजे संघाचा खांब. दोन्ही बाजूंच्या रेटारेटीत पहिल्या फळीत मान घालायची ती त्याने, आणि चेंडू बाहेर गेला की रांगेतल्या सर्वांत उंच गड्याला मांड्यांना धरून आभाळात चढवायचं तेही त्यानेच. उंच गडी हवेत चेंडू झेलतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि खाली प्रॉप लालबुंद होऊन घाम पुसत असतो. गेथिन पुरुषांच्या संघात तसा उंच गडी होता. अख्खी जवानी त्याने दुसऱ्यांच्या हातांवर उभं राहून टाळ्या घेतल्या. म्हणूनच डेलिथला कळत नव्हतं की आता याला उचलून घ्यायची एवढी लाज का वाटते. तिने एकदा तसं विचारलंही होतं.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," एवढंच म्हणून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

लाज तर इतकी, की डॉक्टरकडे जाणं सोडलं तर त्याने उंबरा ओलांडणंच बंद केलं होतं. मोटारीत बसायचं म्हणजे रस्त्यावर, शेजाऱ्यांच्या देखत, बायकोच्या मिठीत लोंबकळायचं. त्यापेक्षा खिडकी बरी. एकेकाळी हा माणूस गावातली छपरं शाकारायचा, प्रत्येक घराच्या डोक्यावर जाऊन बसायचा, आणि आता समोरच्या छपरावरची एक निसटलेली दगडी पाटी दिवसभर बघत बसायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की त्याने पाण्यात उतरायला हवं, पाण्यात अंग हलकं होतं, पाय हलू लागतील. गावाचा पोहायचा तलाव होता की. आजोबांच्या पिढीतल्या खाणकामगारांनी बांधलेला, वरून छप्पर असलेला, पाणी तापवायची सोय असलेला. नव्हता तो फक्त खुर्चीतल्या माणसाला पाण्यात उतरवणारा पाळणा.

तो आणायचा म्हणून डेलिथ शर्यतीत उतरली.

शर्यत दर वर्षी मे महिन्यात व्हायची, खोऱ्याच्या माथ्यावरच्या एका मेंढपाळाच्या कुरणात. चिखल, चर, काटेरी तारांखालून सरपटणं, बर्फ टाकलेलं पाणी, लाकडी भिंती. ज्याने त्याने आपापल्या सत्कार्यासाठी धावायचं आणि गावाने त्या कार्याला वर्गणी द्यायची. असल्या गोष्टींना वेल्समध्ये माणसांची वाण नसते. नुसता वर्गणीचा डबा घेऊन दारात आलेल्या माणसाला नाही म्हणतील, पण तोच चिखलात लोळतो म्हटला की खिसा मोकळा.

डेलिथच्या चमूत आणखी तिघी होत्या, तिघीही जुन्या संघातल्या. मेन्ना केस कापायची. अंगाने मूठभर आणि तोंडाने खंडीभर. कॅरिस टपाल वाटायची, त्यामुळे चढ तिच्या पायांखालचा. ऑल्वेन बस चालवायची आणि फारसं बोलायची नाही, पण बोलली की ते ऐकावं लागायचं.

गेथिनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तुम्ही धावा, लोळा, डुकरांशी सोयरीक करा. पण त्या पाळण्यात मी बसणार नाही. बंदरात पोती उतरवतात तसं मला पोरासोरांसमोर पाण्यात उतरवणार? मेलो तरी नाही."

"तुझ्यासाठी नाहीच आहे तो," डेलिथ म्हणाली. "गावासाठी आहे."

"मग गावाला बसव."

हे ऐकून दुसरी कोणी असती तर बूट काढून घरात बसली असती. पण डेलिथचं एक होतं. ती डोकं खाली घालून रेटायला शिकलेली बाई होती, समोरचा हलत नाही म्हणून रेटणं थांबवायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पाळणा आला की गेथिन बसेल. कसा बसेल ते पुढचं पुढे.

थंडीतच सराव सुरू झाला. खाणीच्या जुन्या राडारोड्याचा डोंगर होता, आता त्यावर गवत उगवलेलं. त्यावर धावत चढायचं आणि घसरत उतरायचं. पहिल्या दिवशी डेलिथ निम्म्यात बसली आणि दोन मेंढ्या येऊन तिच्याकडे डॉक्टरांसारख्या बघत उभ्या राहिल्या. मार्च उजाडेपर्यंत ती माथ्यावर पोचायला लागली, श्वास लागलेला पण पायांवर उभी. नदीत गळ्यापर्यंत उतरायचं, तेव्हा मेन्ना अशा शिव्या द्यायची की पुलावरून जाणाऱ्या बायका मुलांचे कान झाकायच्या. हातांवर लोंबकळत जायचा सराव बालवाडीच्या बागेतल्या लोखंडी दांड्यांवर. तिथे एकदा डेलिथ अडकली असताना मागे चार पोरांची रांग लागली.

"बाई, तुमचं झालं का?" त्यातली एक पोर कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

"होतंय गं बये, होतंय," डेलिथ वरून म्हणाली आणि खाली पडली. पण पडली ती पुढच्या दांडीला हात लावून. त्या दिवशी घरी येताना तिला कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखी भूक लागली होती.

सगळं जमत गेलं, घोडं अडलं ते भिंतीपाशी. रग्बी क्लबच्या मागे रंग उडालेला एक लोखंडी कंटेनर पडला होता. शर्यतीतल्या भिंतीएवढाच उंच. त्यावर चढायची रीत साधी होती. दोघींनी खाली गुडघे टेकून हात गुंफायचे, तिसरीने त्यावर पाय देऊन उडी घ्यायची, वर बसलेलीने ओढायचं. डेलिथने मेन्नाला उचललं, ती पाखरासारखी वर गेली. कॅरिसला उचललं. ऑल्वेनला उचललं. आणि मग अंगणात एकटी उभी राहून ती म्हणाली, "चला, झालं. मी बाजूने येते."

"बाजूने?" मेन्ना वरून ओरडली.

"चालतं तसं. नियमात आहे. नको वाटलं तर वळसा घालायचा, कोणी विचारत नाही."

"आम्ही विचारतोय ना!"

"प्रॉपला कोणी उचलत नाही," डेलिथ हसत म्हणाली. "जगाची रीत आहे."

ती हसली खरी, पण कंटेनरकडे पुन्हा बघितलं नाही. लहानपणापासून ती दांडगी डेलिथ. शाळेच्या नाटकात झाड, झोपाळ्यावर कायम झोका देणारी, लग्नात फोटो काढताना मागच्या रांगेत. तिला उचलताना कोणाच्या तोंडून नुसतं "हुं" निघालं असतं तरी ती मेल्याहून मेली असती. पन्नाशीला टेकलेल्या बाईला अशी लाज वाटावी हे तिला स्वतःलाच हास्यास्पद वाटत होतं, म्हणून ती कोणाला सांगतही नव्हती. दर सरावाला ती तिघींना चढवायची आणि कंटेनरला वळसा घालून पलीकडे टाळ्या वाजवत उभी राहायची.

एप्रिलमध्ये मेन्नाचा संयम संपला. मुळात तिच्याकडे ती वस्तू फारशी नव्हती. ती कंटेनरवर चढून बसली आणि हात खाली सोडला. कॅरिस आणि ऑल्वेनने गुडघे टेकले. "आज तू गेल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही," मेन्ना म्हणाली. "माझी सासू जेवायला आली आहे, मला काही घाई नाही."

नाही नाही म्हणत डेलिथने एक पाय त्यांच्या हातांवर ठेवला. नुसता ठेवला. बघू तरी कसं वाटतं म्हणून.

"एक," कॅरिस म्हणाली. "दोन..."

आणि दोघींनी दोनवरच तिला वर भिरकावलं.

पायाखालची जमीन गेली. गुडघा वळला नव्हता, हात वर नव्हते, श्वास घेतला नव्हता. आपलं अंग आपलं नसल्यासारखं वर गेलं, लोखंडावर छाती आपटली, मेन्नाच्या हाताला नुसती बोटं लागली, आणि डेलिथ पाठीवर चिखलात पडली.

लागलं फारसं नव्हतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन म्हणायचं होतं ना!" ती ओरडली. "मी तयार नव्हते! मला न विचारता उचललंत कसं तुम्ही?"

"तीनला तू ताठ झाली असतीस," कॅरिस ओशाळून म्हणाली. "तुझ्या भल्यासाठीच..."

"ताठ व्हायचं की नाही ते मी ठरवीन! अंग माझं आहे की..."

चिखलात बसल्या बसल्या ती कॅरिसकडे बघत राहिली, पण दिसत होता तो गेथिन, सकाळचा, दोन आणि तीनच्या मधला. रोज सकाळी. रोज दुपारी, रोज रात्री. आणि वर ती मनात म्हणायची की बघा, किती अलगद उचलते मी.

"लागलं का गं फार?" ऑल्वेनने विचारलं.

"नाही," डेलिथ म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही. "मी घरी जाते."

गेथिन खिडकीशीच होता. तिचा अवतार बघून त्याने काहीतरी लागट बोलायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा पाहून मिटलं. ती चिखलासकट त्याच्यासमोर जमिनीवर बसली. गालिचा नवा होता, तरी बसली.

"मी तुला दोनवर उचलते," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे. माझी एकच बाजू गेली आहे, अक्कल नाही गेली."

"मग बोलला का नाहीस?"

"रोज तर बोलतो. तुला विनोद वाटतो."

गेथिनने उजव्या हाताने डावा हात मांडीवर नीट ठेवला.

"तू मला विचारलं होतंस," तो म्हणाला, "की आयुष्यभर लोकांनी उचललं, आता लाज कसली. डेल, मला कधीच कोणी उचललं नव्हतं गं. मी उडी मारायचो. कधी मारायची ते माझ्या मनात, आणि खालचे दोघे माझ्या गुडघ्याकडे बघत असायचे. मी वाकलो की त्यामागून ते जोर लावायचे. तू स्वतः प्रॉप होतीस, तुला हे मी सांगायला हवं?"

नव्हती सांगायची गरज. सरावात प्रॉपला पहिली गोष्ट शिकवतात ती हीच. आधी तो, मग तू. संघातल्या नव्या पोरींना हे ओरडून ओरडून शिकवणारी डेलिथ स्वतःच्या घरात ते साफ विसरून गेली होती. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. दमला की त्याहून जास्त होतो.

"उद्यापासून तू सांग," ती म्हणाली.

"वेळ लागेल. मला धीर व्हायला वेळ लागतो."

"लागू दे."

वेळ चांगलाच लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्यासमोर वाकून उभी राहिली, हात त्याच्या कमरेला, नजर त्याच्या उजव्या गुडघ्यावर. गुडघा हलेना. चहा निवला. रस्त्यावरून शाळेची बस गेली. तिचे हात सवयीने शिवशिवत होते, आता उचल, आता उचल, आणि ती दात खाऊन हात आवरत होती. मग गेथिनने श्वास घेतला, गुडघा जरासा वाकला, "हं" म्हणाला, आणि त्यामागून तिने जोर लावला. तो उठला. खुर्चीत बसला नाही, क्षणभर तसाच उभा राहिला, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून. त्या दिवशी शाळेतल्या बटाट्यांना उशीर झाला आणि मोठ्या बाई तिला खूप बोलल्या. डेलिथने खाली मान घालून ऐकून घेतलं, मनात मात्र तिला नाचावंसं वाटत होतं.

क्लबमागे तिने तिघींना सांगितलं, "मोजायचं नाही. मी वाकेन, मग तुम्ही." तिघींनी मान डोलावली. पण सांगणं सोपं आणि वाकणं अवघड. ती त्यांच्या हातांवर पाय ठेवायची, लोखंडाकडे बघायची, आणि पाय काढून घ्यायची. शर्यतीचा दिवस आला तोवर ती एकदाही वर गेली नव्हती. पाळण्याचे पैसे तर जमत आले होते. तिने वळसा घातला असता तरी पेनी कमी होणार नव्हती. हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच झोप लागत नव्हती. जी गोष्ट आपल्याच्याने होत नाही, ती करायला नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

शर्यतीच्या सकाळी ती बूट बांधत होती तेव्हा गेथिन म्हणाला, "गाडी दारापर्यंत आण. मी येतोय."

तिने वर पाहिलंसुद्धा नाही, न जाणो विचार बदलला तर. रस्त्यावर समोरचे आजोबा कुंपण रंगवत होते, ते ब्रश हातात धरून थांबले. गेथिनने त्यांच्याकडे बघून मान हलवली, मग श्वास घेतला, वाकला, आणि त्यामागून डेलिथने जोर लावला. तो गाडीत बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "काय आजोबा," तो काचेतून ओरडला, "तुमच्या छपराची एक पाटी निसटली आहे, दोन वर्षं झाली!"

कुरणात पाऊस नव्हता, पण आदल्या आठवड्याचा पाऊस तिथेच मुक्कामाला होता. पहिल्या चरातच मेन्नाचा बूट गेला आणि उरलेली शर्यत तिने एक बूट आणि अखंड शिवीगाळ यांवर काढली. तारांखालून सरपटताना डेलिथच्या पाठीला ओरखडे आले. बर्फाच्या पाण्यात शिरल्यावर तिला स्वतःचं नाव आठवेना. हातांच्या दांड्यांवर ती शेवटपर्यंत गेली, एकही न सोडता, आणि पलीकडे उतरल्यावर लहान मुलीसारखी किंचाळली.

मग भिंत आली. कंटेनरएवढीच, पण चिखलाने निसरडी. भिंतीच्या अलीकडच्या उंचवट्यावर, दोरीपलीकडे, चाकाच्या खुर्चीत गेथिन बसला होता.

मेन्ना चढली, वर घोड्यावर बसल्यासारखी पाय टाकून बसली. कॅरिस आणि ऑल्वेनने गुडघे टेकून हात गुंफले. डेलिथने पाय ठेवला. मागे दुसऱ्या चमूतले धावपटू येऊन थांबले, एक, तीन, दहा. कोणीतरी प्रेमाने ओरडलं, "चल गं माउली, एक, दोन..." ऑल्वेनने मागे वळून नुसतं पाहिलं. आकडे तिथेच थांबले.

बाजूची वाट तिथेच होती, दोन पावलांवर, कोरडी. डेलिथने तिच्याकडे पाहिलं. मग गेथिनकडे. तिला वाटलं तो हात हलवेल, ओरडेल, निदान हसेल. त्याने काही केलं नाही. तो तिच्या गुडघ्याकडे बघत होता. बस्स, तेवढंच, आणि दिवसभर बघत बसायची त्याची तयारी दिसत होती.

खाली कॅरिस चिखलात गुडघे रुतवून हात तसेच धरून होती. आपल्याला जड म्हणून कोणी टाकून देत नाही, कोणी ढकलतही नाही, सगळे नुसते थांबले आहेत, हे डेलिथला जन्मात पहिल्यांदा कळलं. तिने श्वास घेतला. गुडघा वाकवला.

उडी तिची होती. हात त्यामागून आले. ऑल्वेनच्या तोंडून चांगलं मोठं "हुं" निघालं आणि डेलिथला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही, कारण तोवर तिच्या काखा भिंतीच्या काठावर होत्या आणि मेन्ना तिच्या पँटला धरून देवाचं नाव अगदी नको तसं घेत होती. मग ती वर होती. वारा होता. खाली अख्खं खोरं होतं, राखाडी छपरांचं, आणि मध्येच तलावाचं हिरवं छप्पर.

शर्यत संपल्यावर ती मेडल गळ्यात, चिखल नखशिखांत, अशी त्याच्यापाशी आली. हातात कागदाच्या पेल्यात चहा होता आणि ती इतक्या घाईने आली की निम्मा चहा कुरणालाच मिळाला. तिने ठरवलं होतं की पाळण्याचं नाव काढायचं नाही. आज नाही, कधीच नाही. तो सांगेल तेव्हा.

गेथिन भिंतीकडे बघत होता. तिथे आता दुसरंच कोणी चढत होतं.

"त्या पाळण्याचं बटण," तो म्हणाला, "कोणाच्या हातात असतं? बसणाऱ्याच्या, की काठावरच्या माणसाच्या?"

सबंध हिवाळा डेलिथ ज्या वस्तूसाठी धावली होती, तिच्याबद्दल हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मागवला नाहीये अजून. मी तलावावर विचारून..." ती थांबली.

"दोन्ही प्रकारचे मिळत असणार," गेथिन म्हणाला. "मी विचारतो. सोमवारी मला तिथे सोड, माझं मी बोलेन. बटण माझ्या हातात राहणार असेल तर बघू."

"बघू," डेलिथ म्हणाली. चिखलाखाली चेहरा रडतोय की हसतोय हे कोणाला दिसत नव्हतं, ते एक बरं होतं.

"आणि पोहायची चड्डी बघ एक. जुनी नको." त्याने तिच्या हातातला उरलेला चहा घेतला, एक घोट प्याला. "मोठी घे. खिडकीत बसून बसून मी जाड झालोय."